निर्वासितांचा पासपोर्ट : फ्रित्योफ नान्सेन

ख्रिस्तसभा १९१४ पासून दरवर्षी एक रविवार स्थलांतरित व निर्वासितांसाठी राखून ठेवते. अलीकडच्या वर्षांत हा दिवस साधारणतः सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी येतो. त्यानिमित्ताने ज्यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत, ते संत नव्हते आणि कॅथलिकही नव्हते. धर्मावर त्यांची श्रद्धाच नव्हती. तरीही आज जगातला कोणताही निर्वासित हातात प्रवासाचा कागद घेऊन एखाद्या देशाची सीमा ओलांडतो, तेव्हा तो नकळत या माणसाच्या ऋणात असतो. म्हणून त्यांची ओळख आपल्या धर्मग्रामातील वाचकांना करून द्यावी असे आम्हाला वाटले.

फ्रित्योफ नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेच्या राजधानीजवळ झाला. आजचे ओस्लो शहर त्या काळी क्रिस्तियानिया या नावाने ओळखले जाई. वडील वकील होते, शिस्तीचे आणि धार्मिक वृत्तीचे. आईला बर्फावरून घसरत जाण्याच्या स्कीच्या खेळाची आवड होती, आणि ती मुलात पुरेपूर उतरली. नान्सेन प्राणिशास्त्र शिकले, बर्गेनच्या वस्तुसंग्रहालयात नोकरीला लागले आणि मज्जातंतूंच्या रचनेवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. सूक्ष्मदर्शकासमोर बसून आयुष्य काढावे असे सगळे जुळून आले होते. परंतु १८८२ साली सील माशांच्या शिकारीला निघालेल्या जहाजावरून त्यांनी ग्रीनलंडचा किनारा दुरून पाहिला होता. तो काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

ग्रीनलंडच्या पोटातून आरपार तोवर कोणी गेले नव्हते. प्रयत्न झाले ते पश्चिम किनाऱ्यावरून, कारण वस्ती पश्चिमेला होती. अडचण आली तर मागे फिरता येत असे. नान्सेन यांनी १८८८ साली उलटा विचार केला. पाच सोबत्यांसह ते निर्जन पूर्व किनाऱ्यावर उतरले. आता मागे जहाज नाही, वस्ती नाही. जगायचे असेल तर पुढे पश्चिमेलाच जायला हवे. ऑक्टोबरच्या आरंभी ते पलीकडे पोहोचले, तेव्हा परतीचे जहाज निघून गेले होते. तो सबंध हिवाळा त्यांनी तेथील एस्किमो लोकांमध्ये काढला, त्यांची कायाक होडी चालवायला शिकले, पुढे त्यांच्यावर पुस्तक लिहिले. मागचा दोर कापून टाकण्याची ही पद्धत मात्र सर्वच ठिकाणी चालत नाही, हे पुढे दिसेल.

त्यानंतरची मोहीम अधिक धाडसाची. सैबेरियाच्या उत्तरेला १८८१ साली बर्फात चिरडून बुडालेल्या एका जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले होते. नान्सेन यांनी त्यावरून ताडले की बर्फाखाली पाण्याचा प्रवाह असला पाहिजे. जहाज मुद्दाम बर्फात अडकवावे आणि प्रवाहाला त्याला ध्रुवाकडे नेऊ द्यावे, असा त्यांचा बेत. जाणकारांनी तो वेडेपणा ठरवला. गोलाकार बुडाचे 'फ्राम' नावाचे जहाज बांधून घेण्यात आले. बर्फाचा दाब आला की ते चिरडण्याऐवजी वर उचलले जाई. १८९३ च्या जून महिन्यात तेरा माणसे निघाली. दीड वर्षानंतर जहाज अपेक्षित दिशेने पुरेसे सरकत नाही असे दिसल्यावर, मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि हयाल्मार योहान्सेन कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन ध्रुवाकडे चालत निघाले. ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोहोचून ते परत फिरले. तोवर इतक्या उत्तरेला कोणी गेले नव्हते. पुढचा हिवाळा त्यांनी एका ओसाड बेटावर दगडांची भिंत आणि वॉलरसच्या कातड्याचे छप्पर अशा खोपटात, अस्वलाचे मांस खाऊन काढला. जून १८९६ मध्ये योगायोगाने एका इंग्रज संशोधकाशी गाठ पडली आणि ते घरी आले. आठवडाभरात 'फ्राम'ही परतले. तेराच्या तेरा माणसे सुखरूप होती.

या प्रवासानंतर नान्सेन युरोपात घरोघरी माहीत झाले. १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, त्या वाटाघाटींत त्यांनी भाग घेतला. १९०६ ते १९०८ ते लंडनमध्ये नॉर्वेचे राजदूत होते. याच काळात, डिसेंबर १९०७ मध्ये, त्यांची पत्नी एव्हा वारली. ते लंडनहून निघाले, पण वेळेवर पोहोचू शकले नाहीत. १९१३ साली धाकटा मुलगाही गेला. दक्षिण ध्रुवावर जायचे त्यांच्या मनात होते, ते मागे पडले. 'फ्राम' त्यांनी रोआल्ड आमुंडसेन यांना दिले होते. पहिले महायुद्ध आले तेव्हा ते समुद्रशास्त्राचे प्राध्यापक होते आणि वय पन्नाशी ओलांडून गेले होते. येथेच चरित्र संपले असते तरी शाळेच्या पुस्तकात एक धडा त्यांच्या नावे राहिला असता.

महायुद्ध १९१८ साली थांबले, पण लाखो युद्धकैदी अडकलेलेच राहिले. सैबेरियात जर्मन, ऑस्ट्रियन, हंगेरियन कैदी होते. जर्मनीत रशियन होते. रशियात क्रांती होऊन यादवी माजलेली, रेल्वे मोडकळीला आलेली. बोल्शेविक सरकार राष्ट्रसंघाला मानत नव्हते आणि बहुतेक सरकारे बोल्शेविकांना मानत नव्हती. बोलायचे कोणी आणि कोणाशी? एप्रिल १९२० मध्ये राष्ट्रसंघाने हे काम नान्सेन यांच्याकडे दिले. मॉस्कोने राष्ट्रसंघाशी नाही, पण नान्सेन या माणसाशी बोलण्याची तयारी दाखवली. त्यांनी रेडक्रॉसच्या मदतीने जहाजे मिळवली, बाल्टिक समुद्रातून वाट काढली, एकीकडचे कैदी उतरवून दुसरीकडचे चढवले. दोन वर्षांत सुमारे ४ लाख २८ हजार कैदी आपापल्या घरी पोहोचले. या कामातील त्यांचे तरुण साहाय्यक फिलिप नोएल-बेकर यांना पुढे १९५९ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कैद्यांचा प्रश्न एका अर्थाने सोपा होता, असे आम्हाला वाटते. त्यांना घर होते, देश होता. प्रश्न होता तो फक्त वाटेचा. पुढे जो प्रश्न समोर आला त्यात वाट होती, पण देश नव्हता.

रशियातील क्रांती, तीन वर्षांची यादवी आणि नंतर दुष्काळ, यांमुळे दहा लाखांहून अधिक माणसे देश सोडून बाहेर पडली. केवळ नोव्हेंबर १९२० मध्ये क्रिमियाच्या बंदरांतून सुमारे दीड लाख माणसे जहाजांत दाटीवाटीने बसून कॉन्स्टँटिनोपलला आली. त्यांत पराभूत सैनिक होते, तशाच विधवा, मुले, शिक्षक, शेतकरी होते. पाठोपाठ डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने फर्मान काढून परदेशी गेलेल्या या लोकांचे नागरिकत्वच रद्द केले. हाती होते ते झारच्या राज्याचे कागद, आणि ते राज्य अस्तित्वात नव्हते.

याचा अर्थ आपल्या वाचकांना चटकन समजेल. आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी येणाऱ्यांची संख्या शाळाप्रवेशाच्या दिवसांत आणि आखाती देशांत नोकरीला निघण्याच्या वेळी वाढते. नावात एका अक्षराची चूक निघाली तर माणूस रडकुंडीला येतो. येथे तर लाखो माणसांकडे एकही चालणारा कागद नव्हता. कागद नाही म्हणून काम नाही, लग्नाची नोंद नाही, मुलाच्या जन्माची नोंद नाही. एका देशाचा पोलीस सीमेपलीकडे ढकलतो, पलीकडचा पुन्हा अलीकडे ढकलतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शिकलो होतो की माणसाची प्रतिष्ठा तो माणूस आहे यातच असते, कोणा राज्याच्या मर्जीवर ती अवलंबून नसते. सिद्धान्त म्हणून तो आम्हाला आजही खरा वाटतो. पण सीमेवरच्या चौकीत त्याला दाखवण्यासारखे काहीतरी हातात लागते.

फेब्रुवारी १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने हा विषय राष्ट्रसंघाकडे नेला. त्याच वर्षी नान्सेन रशियन निर्वासितांचे उच्चायुक्त झाले. राष्ट्रसंघाने त्यांना पद दिले, कार्यालयाच्या खर्चापुरते पैसे दिले, आणि निर्वासितांच्या पोटासाठी काहीही दिले नाही. आरंभी सर्वांचा कल या लोकांना परत पाठवण्याकडे होता. परतणाऱ्यांचे तेथे काय होईल याची हमी कोणी देऊ शकत नव्हते. ती वाट बहुतेकांसाठी बंदच होती. तेव्हा जेथे काम आहे तेथे माणसाला जाऊ द्यावे, हा मार्ग उरला, आणि जाण्यासाठी कागद हवा.

५ जुलै १९२२ रोजी जिनिव्हा येथे सरकारांच्या प्रतिनिधींनी त्याला मान्यता दिली. हाच पुढे 'नान्सेन पासपोर्ट' म्हणून ओळखला गेला. तो राष्ट्रसंघ देत नसे. निर्वासित ज्या देशात राहतो तेथले सरकार देई. मुदत साधारणपणे एक वर्षाची. यथावकाश पन्नासहून अधिक देशांनी तो मान्य केला. १९२६ नंतर ज्यांची ऐपत होती त्यांच्याकडून पाच सुवर्ण फ्रँक घेऊन त्यावर नान्सेन यांचे चित्र असलेले तिकीट चिकटवले जाई, आणि तो पैसा गरीब निर्वासितांच्या निधीत जाई. चित्रकार मार्क शगाल, संगीतकार इगोर स्त्राविन्स्की, लेखक व्लादिमिर नाबोकोव्ह यांच्याकडे हा कागद होता. पण तो प्रामुख्याने उपयोगी पडला तो नाव नसलेल्यांना. फ्रान्समध्ये युद्धात तरुण पिढी कापली गेली होती आणि कारखान्यांना माणसे हवी होती. कॉन्स्टँटिनोपलच्या छावण्यांतले हजारो लोक तेथे मोटारीच्या कारखान्यात आणि टॅक्सी चालवण्याच्या कामात लागले.

या कागदाची कमतरताही सांगितली पाहिजे. तो नागरिकत्व देत नव्हता, काम करण्याचा हक्क देत नव्हता. सुरुवातीला तर तो घेऊन देशाबाहेर गेलेल्याला परत घेण्याचे बंधनही देणाऱ्या देशावर नव्हते. त्यामुळे व्हिसा देणारा अधिकारी साशंक असे. नाबोकोव्ह यांना तो दाखवताना अपमान वाटे. शिवाय तो ठराविक लोकांसाठीच होता : प्रथम रशियन, १९२४ पासून आर्मेनियन, १९२८ पासून अस्सीरियन, खाल्डियन आणि आणखी काही. अमुक देशातून आलेले असाल तर निर्वासित, तमुक देशातून आलेले असाल तर नाही, असा हा हिशेब. सरकारांना यापेक्षा जास्त बांधून घ्यायचे नव्हते.

त्याच सुमारास व्होल्गा नदीच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. ऑगस्ट १९२१ मध्ये नान्सेन यांनी मॉस्कोत मदतीचा करार केला आणि सप्टेंबरमध्ये राष्ट्रसंघाच्या सभेपुढे उभे राहून सरकारांकडे कर्ज मागितले. युरोपकडे धान्य होते, जहाजे रिकामी होती. सरकारांनी नकार दिला; मदत केली तर बोल्शेविक बळावतील, ही भीती. नान्सेन यांना सोव्हिएतांचा भोळा मित्र म्हटले गेले. ते स्वतः दुष्काळी भागात गेले, छायाचित्रे घेऊन आले आणि शहरोशहरी पडद्यावर दाखवून लोकांकडून पैसे गोळा केले. सर्वांत मोठे काम अमेरिकेच्या हर्बर्ट हूवर यांच्या संस्थेने केले. १९२२ च्या उन्हाळ्यात ती एक कोटीहून अधिक लोकांना जेवू घालत होती. आपल्या वाचकांना हेही माहीत असावे की पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२१ सालीच रशियासाठी मदतीचे आवाहन केले होते, आणि पोप अकरावे पायस यांच्या काळात येशूसंघीय फादर एडमंड वॉल्श यांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या पथकाने रोज दीड लाखाच्या आसपास लोकांना अन्न दिले. इतके होऊनही सुमारे पन्नास लाख माणसे दगावली. ज्यांना नकार देणे राजकारणाच्या दृष्टीने शहाणपणाचे वाटले, त्यांच्या हिशेबात ही संख्या कुठे मांडली जाते, ते आम्हाला कळत नाही.

१९२२ च्या डिसेंबरात नान्सेन यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कम त्यांनी मदतकार्याला दिली. तेव्हा ते एका नव्या संकटात गुंतले होते, आणि त्यांच्या आयुष्यातला आम्हाला सर्वांत अडचणीचा वाटणारा भाग हाच आहे.

सप्टेंबर १९२२ मध्ये तुर्की सैन्याने स्मर्ना शहर घेतले, शहर जळाले, आणि आशिया मायनरमधील ग्रीक ख्रिस्ती लोकांचे लोंढे ग्रीसकडे निघाले. ग्रीसची लोकसंख्या तेव्हा पन्नास-पंचावन्न लाखांच्या घरात. आलेले लोक बारा लाखांच्या आसपास. पाच माणसांच्या घरात सहावा माणूस उपाशी, आजारी अवस्थेत येऊन उभा राहावा तसे झाले. नाट्यगृहे, शाळा, चर्च, सगळीकडे माणसे. नान्सेन यांनी दोन्ही बाजूंशी बोलून असे सुचवले की लोकसंख्येची अदलाबदल करारानेच करावी. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे तसा करार झाला, आणि तो सक्तीचा होता. तुर्कस्तानातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये जातील, ग्रीसमधील साडेतीन ते चार लाख मुसलमान तुर्कस्तानात जातील. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले.

कोण कोठला हे ठरवायचे कसे? भाषेवरून नाही, तर धर्मावरून. कप्पाडोकियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरात तुर्की बोलत. त्यांना ग्रीसमध्ये पाठवले, जेथली भाषा त्यांना येत नव्हती. क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत. त्यांना तुर्कस्तानात पाठवले. पिढ्यान्‌पिढ्यांची गावे, दफनभूमी, द्राक्षमळे सोडून. नान्सेन यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की बहुतेक ग्रीक करारापूर्वीच पळून आले होते, आणि त्यांना परत घ्यायला तुर्कस्तान तयार नव्हते. रिकामी होणारी घरे आणि जमिनी मिळाल्या नसत्या तर आणखी माणसे मेली असती. पुढे राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली पुनर्वसन आयोग नेमला गेला, १९२४ साली ग्रीससाठी मोठे कर्ज उभारले गेले, मॅसेडोनियात गावे वसली. हे पुनर्वसन त्या काळातले सर्वांत यशस्वी मानले जाते. तरीही आम्हाला नान्सेन यांचा हा निर्णय पटत नाही. पळालेल्या माणसाला आश्रय देणे वेगळे आणि त्याचे परतणे कायमचे बंद करणे वेगळे. शांतपणे घरी बसलेल्या माणसाला धर्माच्या नावावर उठवणे तर त्याहून वेगळे. ग्रीनलंडमध्ये मागचा दोर कापला तो त्यांनी स्वतःचा आणि राजीखुशीने आलेल्या पाच जणांचा. पुढे १९३७ साली पॅलेस्टाईनची फाळणी सुचवणाऱ्या ब्रिटिश आयोगानेही या अदलाबदलीचा दाखला दिला.

शेवटची पाच वर्षे त्यांनी आर्मेनियन लोकांसाठी घालवली. १९१५ पासून तुर्कस्तानात झालेल्या हत्याकांडातून वाचलेले आर्मेनियन सिरिया, लेबनॉन, ग्रीस येथे विखुरले होते. १९२५ साली नान्सेन स्वतः सोव्हिएत आर्मेनियात गेले. पाणी आणून माळरान ओलिताखाली आणावे आणि तेथे या लोकांना वसवावे, अशी योजना त्यांनी आखली. या दौऱ्यात त्यांच्यासोबत विद्कुन क्विसलिंग नावाचा कर्तबगार नॉर्वेजियन अधिकारी होता. त्यानेच दुसऱ्या महायुद्धात हिटलरशी हातमिळवणी केली आणि १९४५ साली देशद्रोहाबद्दल गोळ्या झेलल्या. योजनेसाठी लागणारे कर्ज कोणत्याही मोठ्या सरकारने दिले नाही. नान्सेन दरवर्षी जिनिव्हात विषय मांडत राहिले आणि १९२९ साली तो कामकाजातून काढून टाकण्यात आला.

१३ मे १९३० रोजी ओस्लोजवळच्या आपल्या घरी त्यांचे निधन झाले. १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्यांना निरोप देण्यात आला. त्यांच्या समजुतीला धरून धार्मिक विधी झाला नाही. रक्षा घराच्या आवारातील झाडाखाली ठेवण्यात आली.

त्यांच्या नावाने राष्ट्रसंघाने कार्यालय काढले आणि १९३८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच वर्षांत जर्मनीतून पळणाऱ्या ज्यू लोकांसमोर एकामागून एक दारे बंद होत होती. कागदाची पद्धत होती, आत घेण्याची इच्छा नव्हती. त्या अनुभवानंतर १९५१ साली निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात अमुक देशाचा म्हणून नव्हे, तर वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळाची भीती असलेला तो निर्वासित, अशी व्याख्या आली. अशा माणसाला जेथे जीव धोक्यात आहे तेथे परत ढकलायचे नाही, हे बंधन आले, आणि नान्सेन पासपोर्टच्या जागी प्रवासाचा नवा कागद आला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या उच्चायुक्तालयातर्फे १९५४ पासून निर्वासितांसाठी झटणाऱ्यांना नान्सेन यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. याच कार्यालयाच्या मोजणीनुसार २०२४ च्या अखेरीस जगात बळजबरीने घर सोडावे लागलेल्यांची संख्या १२ कोटींहून अधिक होती. त्यांतले निम्म्याहून अधिक आपल्याच देशाच्या हद्दीत विस्थापित आहेत. त्यांना तर हा करार लागूही होत नाही.

आपल्या भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत सिंधी बांधव उतरले आणि तेथे उल्हासनगर उभे राहिले. त्याआधी, १९४३ पासून, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे हजारो पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतेक कॅथलिक होते. कराराविना आपण जे केले ते सरकारच्या निर्णयाने केले, आणि सरकारचा निर्णय एकासाठी एक, दुसऱ्यासाठी दुसरा असू शकतो. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी निर्वासितांना परदेशी जायचे असेल तर भारत सरकार पासपोर्टऐवजी ओळखीचा दाखला म्हणून एक पिवळी पुस्तिका देते. कित्येक विमानतळांवर ती पाहून अधिकारी दोनदा उलटसुलट करतात आणि वरिष्ठाला बोलावतात.